जुन्या घराची न्हाणी : आधी पाण्याची वाट, मग फरशी



सोयाबीन विकून झाले, ज्वारी-हरभरा उगवून वर आला, की दिवाळीनंतर गावोगाव गवंड्याच्या नावाने हाका सुरू होतात. कुणाला ओटा करायचा असतो, कुणाला गोठ्याची जमीन. अलीकडे त्यात एक काम वाढले आहे. जुन्या घरातली न्हाणी मोडून तिथे नव्या तऱ्हेचे स्नानघर करायचे. लेक बाळंतपणाला यायची असते, सून नोकरीला जाणारी असते, नाहीतर घरातल्या म्हातारीचा न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेला असतो. कारण कोणतेही असो, काम चांगले आहे. त्यावर पैसा घालणे ही चैन नव्हे.

पण हे काम सुरू कुठून होते? बहुतेक घरी ते तालुक्याच्या दुकानातून सुरू होते. भिंतीला निळी टाइल की गुलाबी, नळ चकचकीत की साधा, यावर घरात आठ दिवस चर्चा होते. फरशी बसते, नळ बसतो, आणि अगदी शेवटी गवंडी विचारतो, "मालक, पाणी कुठं सोडायचं?" मालक म्हणतात, "काढ भिंतीतून पाइप, जाईल कुठंतरी." हे म्हणजे बी पेरून झाल्यावर नांगरटीला निघण्यासारखे झाले.

मी कृषीचा विस्तार अधिकारी, गवंडी नव्हे. मग न्हाणीवर का लिहितो, असे कुणी म्हणेल. तर न्हाणीचे दुखणे हे मुळात माती आणि पाण्याचे दुखणे आहे, आणि माती-पाणी हा तुमचा-माझा रोजचा विषय आहे. म्हणून आज शेताचा बांध ओलांडून घरात येऊ.

जुनी न्हाणी इतकी वर्षे कशी टिकली?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातली जुनी घरे दगड-मातीची, वर माळवद. न्हाणी म्हणजे स्वयंपाकघराच्या किंवा परसदाराच्या कोपऱ्यात बसवलेला एक मोठा दगड, बाजूला रांजण, एका अंगाला चूल किंवा बंब, पाय घासायला वजरी. आडोसा म्हणून जुन्या लुगड्याचा पडदा. पाणी मोरीतून परसात जायचे आणि तिथल्या अळूला, केळीला मिळायचे.

ही न्हाणी टिकली, कारण तिच्यात पाणी थोडे पडायचे. आडातून शेंदून किंवा डोक्यावरून आणलेले पाणी कुणी उधळत नसे. माणशी एक घंगाळ, त्यात सगळे भागायचे. आता तसे राहिलेले नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. सहा माणसांच्या घराला त्या हिशेबाने रोज ३३० लिटर, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार लिटर पाणी झाले. दहा हजार लिटरचे बारा टँकर! यातले निम्मे जरी न्हाणी-मोरीतून गेले, तरी वर्षाला सहा टँकर पाणी तुमच्या भिंतीच्या बुडाशी रिकामे होते. टँकरची किंमत आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. उन्हाळ्यात ज्याची वाट पाहायची तेच पाणी आपण भिंतीच्या पायात ओततो आणि तिचाच घात करतो.

भिंतीचे दुखणे

जुनी दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड, म्हणून ती भक्कम, असा आपला समज असतो. तिची आतली रचना पाहा. आतले एक अंग आणि बाहेरचे एक अंग अशा दगडांच्या दोन रांगा, मधे डबर आणि माती. दोन्ही अंगांना आरपार बांधणारा लांब दगड पुष्कळ घरांत नसतोच. दगडांना धरून ठेवणारी वस्तू एकच, माती. ती कोरडी असेल तोवर भिंत उभी. तिच्यात रोज पाणी झिरपले की ती मऊ पडते, सांध्यातून निघून जाते, दगड सुटे होतात आणि भिंत पोट काढते. न्हाणीच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत लोणा आलेला दिसतो, तो आतल्या ओलीचा निरोप असतो.

त्यात आपली काळी जमीन. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. घराच्या एकाच कोपऱ्याखालची माती ओली आणि बाकीची कोरडी राहिली, तर पाया एकसारखा बसत नाही. भिंतीला तिरपी भेग पडते.

आणि वर ओझे किती? दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट जाडीचे माळवद असेल, तर त्या मातीचेच वजन साडेसहा टनांच्या घरात जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झाले, हे आपल्या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. सास्तूरसारखी आपल्याकडची गावे झोपेत गाडली गेली. माती-दगडाच्या भिंती फुटून दोन अंगांनी ढासळल्या आणि वरचे माळवद माणसांवर आले, हे त्या नाशाचे मोठे कारण होते. त्यानंतर अनेक गावे नव्याने वसली, पण जिल्ह्यात जुनी घरे आजही पुष्कळ आहेत आणि माणसे त्यांत राहतात. अशा घराच्या भिंतीला आपल्याच हाताने ओल देणे हा खेळ नव्हे.

तेव्हा न्हाणी नवी करताना दोन हेतू धरा. एक, घरातल्या माणसांना नीट, आडोशाला, निर्धास्त अंघोळ करता यावी. दुसरा, पाणी घराच्या भिंतीपासून दूर जावे. टाइलचा रंग या दोन्हींनंतर.

काम काढण्याआधी

पहिले काम पैशाचे नाही. घरातल्या बायांना बसवून विचारा. न्हाणी वापरतात सगळे, पण तिच्यात राबतात त्या. कपडे कुठे ठेवावे, बसायला ओटा किती उंच हवा, पहाटे अंधारात दिवा कुठे लागावा, पाळीच्या दिवसांत धुण्या-वाळवण्याची सोय काय, कडी आतून नीट लागते का, हे त्यांना ठाऊक असते. पडद्याआड, उजाडायच्या आत, कुणी येईल या धास्तीने चार तांबे अंगावर घेऊन उठायचे, अशी अंघोळ आपल्या आया-बहिणींनी जन्मभर केली. पुरुषमाणसे विहिरीवर, मोटारीच्या धारेखाली मोकळी नाहतात, म्हणून हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नकाशा काढायचा तो या गोष्टी ऐकून.

दुसरे, घराची पाहणी करा. भिंतीला पोट आले आहे का, तिरपी भेग आहे का, लोणा किती उंच चढला आहे ते पाहा. माळवदाचा भार तुळयांवरून लाकडी खांबांवर आला आहे की थेट भिंतीवर, हे समजून घ्या. न्हाणीजवळ खांब असेल तर त्याचे बूड सुरीने टोचून पाहा. सुरी सहज आत गेली तर खांब कुजला आहे किंवा वाळवीने खाल्ला आहे. अशा वेळी आधी खांब, मग न्हाणी. भिंत फुगलेली असेल तर जाणत्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय तिथे पहारीचा घावसुद्धा घालू नका.

तिसरे, हंगाम निवडा. माझ्या मते दिवाळी ते संक्रांत हा काळ उत्तम. विहिरीला पाणी असते, त्यामुळे सिमेंटच्या कामाला ते पोटभर मारता येते. उन्हाळ्यात काम काढले की प्यायच्या पाण्याची ओढाताण आणि गिलावा तहानलेला, अशी गत होते. शिवाय पावसाळ्यानंतर जमीन ओलीने फुगलेली असते. त्या वेळी तिच्यात पाणी मुरले तर ते बाराही महिने मुरेल.

पाण्याची वाट

आता मुख्य काम. न्हाणीचे पाणी कुठे न्यायचे, हे जमिनीला विचारून ठरवा. घराच्या भिंतीपासून दहा फुटांवर, विहीर किंवा बोअरपासून पन्नास फूट तरी लांब, उताराच्या अंगाला जागा बघा. तिथे तीन फूट खोल जाऊन तळाशी फूटभर रुंद, फूटभर खोल खळगा करा. संध्याकाळी तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा सहा इंच पाणी घाला, काठीवर खूण करा आणि घड्याळ लावून बसा.

इंचभर पाणी अर्ध्या तासाच्या आत उतरले, तर शोषखड्डा उत्तम चालेल. अर्धा ते एक तास लागला, तर एका खोल खड्ड्यापेक्षा लांब, उथळ चर बरा. तासाहून जास्त लागला, तर ती निव्वळ चिकण काळी माती आहे. तिथे खड्डा करू नका, चार महिन्यांत तो डबके होईल. आणखी खाली जाऊन मुरूम लागतो का ते पाहा. नाही लागला तर पाणी परसबागेला द्या किंवा ग्रामपंचायतीच्या बंद गटाराला जोडा.

शोषखड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल घ्या. मधोमध भोके पाडलेला सिमेंटचा पाइप किंवा टाकी उभी करा. भोवती खाली मोठे, मधे मध्यम, वर लहान असे दगड भरा. दगड भरल्यावरही मधल्या पोकळीत सहा-सातशे लिटर पाणी मावते. वरून पोते किंवा जाड प्लास्टिक पसरून मातीने झाका. मधल्या पाइपाला झाकण ठेवा. खड्ड्याच्या आधी फूटभर लांबी-रुंदीची एक लहान कुंडी बांधा. केस, साबणाची साय, माती तिच्यात अडेल. ही कुंडी महिन्यातून एकदा साफ करा. शोषखड्डे बंद पडतात ते बहुधा ही कुंडी नसल्याने किंवा असून साफ न केल्याने.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारे बंद पाडली आणि डास हटवले. ती पद्धत पुढे 'नांदेड पॅटर्न' या नावाने इतर गावांत गेली. एका घराने खड्डा केला तर त्याची भिंत वाचते. गल्लीने केला तर गल्लीतला ताप वाचतो.

परसबागेला पाणी द्यायचे असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. ते पाणी काळ्या जमिनीत एकाच जागी वर्षानुवर्षे मुरले की मातीची छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. कालव्याखालच्या चोपण जमिनी तुम्ही पाहिल्या आहेतच. तेव्हा धुण्याचे पाणी शक्यतो शोषखड्ड्याला आणि अंघोळीचे पाणी झाडांना, अशा दोन वाटा ठेवा. झाडांकडे दोन सऱ्या काढून आळीपाळीने पाणी सोडा. केळी, अळू, कर्दळ, शेवगा ही झाडे हे पाणी मानतात. कोथिंबीर, पात, मुळा अशा कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊ नका.

जागा आणि मोडतोड

परसात जागा असेल तर न्हाणी घराबाहेर काढा. जुन्या भिंतीला चिकटवून नव्हे, मधे तीन-चार फूट मोकळे सोडून, स्वतंत्र पायावर विटांची बांधा. घराच्या मागच्या दारापासून तिथवर पत्र्याचे छप्पर करा, म्हणजे पावसात किंवा रात्री जायला अडचण नाही. पाया काळ्या मातीवर ठेवू नका. मुरूम लागेपर्यंत खणा.

परस नसेल, न्हाणी घरातच ठेवायची असेल, तरी टाइल जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर थेट बसवू नका. मातीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा वरून घट्ट दिसतो, पण आत ओल कोंडून धरतो आणि एक दिवस पापुद्र्यासारखा सुटतो. आतल्या बाजूने साडेचार इंची विटांची वेगळी भिंत सिमेंटमध्ये उचला, मधे जाड प्लास्टिकचा कागद घाला आणि टाइल या विटांवर लावा. जुन्या भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा ठेवा. चुना ओल बाहेर जाऊ देतो.

नवे दार किंवा खिडकी पाडायला जुनी दगडी भिंत फोडण्याची घाई नको. माळवदाचा भार त्या भिंतीवर असेल, तर वर टेकू दिल्याशिवाय एक दगड काढणेही धोक्याचे. जुन्या दारा-खिडकीचाच उपयोग होतो का, ते आधी पाहा. मोडतोड चालू असताना त्या खोलीत आणि तिच्या भिंतीपलीकडे मुलाबाळांना झोपवू नका.

माप म्हणाल तर रुंदी चार फुटांहून कमी नको. न्हाणी आणि संडास एकत्र करायचे असतील तर तीस चौरस फूट तरी जागा हवी.

जमीन आणि उतार

आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. बोरी नदीवर आदिलशाहीत बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच महाल केला. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांचे पाणी वरून कोसळत असते आणि आतली माणसे कोरडी उभी असतात. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी पाण्याला जायला नेमकी वाट ठेवली, आणि जिथे ते यायला नको तिथे दगड-चुन्याचे काम पक्के केले. न्हाणीचे शास्त्र याहून वेगळे नाही.

तळ खणून भुसभुशीत, ओली माती काढून टाका. मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा. त्यावर चार इंच काँक्रीट, त्यावर पाणीरोधक द्रव्य मिसळलेला कोबा. कोबा भिंतीला भिडतो तिथे काटकोन ठेवू नका. गोलाई देऊन फूटभर भिंतीवर चढवा. गळती बहुतेक या कोपऱ्यातून होते. उतार फुटाला पाव इंच, म्हणजे पाच फुटांत सव्वा इंच. तो दारापासून दूर, जाळीकडे हवा.

जाळीखाली पाणी अडवणारा सापळा बसवा. त्यात दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि शोषखड्ड्याची घाण, झुरळे, डास वर येत नाहीत. गंमत अशी की देशभरातल्या दुकानांत या वस्तूला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या आजीच्या न्हाणीचा शब्द तिथे टिकून आहे. तेवढ्या नावाने मागा, दुकानदार बरोबर काढून देईल. पुढचा पाइप तीन इंची घ्या.

कोबा झाला की सात ते दहा दिवस त्यावर पाणी मारा. मग जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर खडूने रेघ ओढा आणि दिवस-रात्र तसेच ठेवा. पाणी रेघेच्या खाली गेले, तर कोबा गळतो आहे असे समजा आणि दुरुस्त करा. या परीक्षेआधी एकही टाइल बसू देऊ नका. बसल्यावर गळती सापडत नाही, आणि सापडली तरी फरशी फोडावी लागते.

जमिनीला गुळगुळीत टाइल मुळीच नको. खरबरीत टाइल किंवा बिनपॉलिशची शहाबादी फरशी चांगली. भिंतीला पाच-सहा फुटांपर्यंत चकचकीत टाइल चालेल. आपल्या बोअरचे पाणी जड, त्यामुळे पांढरे डाग पडतातच. ते काढायला ॲसिड वारंवार वापरले तर टाइलचे सांधे खाल्ले जातात आणि पुन्हा गळती सुरू होते. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

टाकी कुठे ठेवावी?

"माळवदावर हजार लिटरची टाकी ठेवू का?" असे पुष्कळ जण विचारतात. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, दहा क्विंटल. पन्नास किलोची वीस पोती एकाच जागी रचून वर्षभर माळवदावर ठेवाल का? शिवाय टाकी भरून वाहिली की पाणी माळवदात मुरणार, माती आणखी जड होणार. टाकीसाठी जमिनीवरून वेगळा लोखंडी किंवा काँक्रीटचा सांगाडा उभा करा. नळापेक्षा पाच-सहा फूट उंच असली तरी न्हाणीला पुरते.

संडास जोडायचा असेल तर

न्हाणीचे आणि संडासाचे पाणी कधीही एका खड्ड्यात सोडू नका. अंघोळीच्या पाण्याने संडासाचा खड्डा तुडुंब राहतो आणि मैला कुजत नाही. संडासाला दोन खड्ड्यांची पद्धत घ्या. एक चालू, एक बंद. पहिला भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला किमान दीड वर्ष झाकून ठेवायचा. मग त्यात घाण राहत नाही, कोरडे, बिनवासाचे खत मिळते. ते शेतकऱ्याला सोन्यासारखे आहे. खड्डे भिंतीपासून आणि विहिरीपासून दूर हवेत, हा नियम इथे अधिक कडक पाळा.

हे ज्ञान आपल्याच माणसांनी कष्टाने घरोघर नेले आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाच्या हाती मैला उचलायला लागू नये म्हणून संडासाचे प्रयोग केले. देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी दवाखान्याची नोकरी करता करता गावाला संडासाची सवय लावली आणि मैल्यावर गॅस करून दाखवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी संडास त्याला जोडण्याचा विचार जरूर करावा.

बंद टाकीचा संडास असेल तर तिच्यात माणूस उतरवू नका, कुणी तयार असला तरीही. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो, आणि वाचवायला गेलेलाही जातो. असे काम करवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाणी तापवणे

नव्या न्हाणीत जिवाला खरा धोका इथे आहे. जुनी न्हाणी उघडी होती, पडद्याआडून वारा खेळत होता, म्हणून बंब पेटवला तरी धूर निघून जायचा. नवी न्हाणी चारही बाजूंनी बंद. तिच्यात बंब, शेगडी किंवा गॅसचा गिझर लावला तर जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते, तो खाली बसतो आणि आतून कडी असल्याने बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून बंब असो की गॅसचा गिझर, जळणारी वस्तू न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत ठेवा आणि गरम पाणी पाइपाने आत घ्या.

विजेवर पाणी तापवायचे असेल तर अर्थिंग पक्के हवे आणि गळतीचा करंट लागताच वीज तोडणारे यंत्र बसवलेले हवे. त्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात, तीस मिलीॲम्पिअरचे मागा. बटण न्हाणीबाहेर ठेवा. बादलीत सोडायचा रॉड असेल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे. सौर बंब परवडत असेल तर घ्या, मात्र जड पाण्याने त्याच्या नळ्यांत क्षार बसतात, त्या वेळच्या वेळी साफ कराव्या लागतात.

उजेड, वारा आणि आधार

छताजवळ दोन फूट रुंद, दीड फूट उंच झरोका ठेवा. त्याला तिरक्या काचा लावा, म्हणजे वारा येतो आणि बाहेरून दिसत नाही. वारा नसेल तर न्हाणी वाळत नाही, शेवाळ धरते आणि पाय घसरतो.

दार अडीच फूट रुंद आणि बाहेर उघडणारे करा. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्याच माणसाला अडते आणि मदत पोचत नाही. बसायच्या जागेजवळ, कमरेच्या उंचीवर, विटांच्या भिंतीत लोखंडी पाइपाची मूठ पक्की करा. म्हाताऱ्या माणसाला उठायला, गरोदर बाईला तोल सावरायला ती लागते. घरात गुडघेदुखीचे माणूस असेल तर एक खुर्चीसारखा संडास ठेवा. यात कमीपणा काही नाही. उंबरा फार उंच नको, पाणी अडेल इतका पुरे. कपड्यांना खुंटी, साबणाला कोनाडा, झाकणाची कचरापेटी, या लहान गोष्टी आधी सांगितल्या तर फुकटात होतात.

पैशाचा मेळ

पैसा कमी पडला तर काय मागे ठेवायचे, हे आधी ठरवा. टाइल मागे ठेवा. भिंतीला नुसता घोटीव सिमेंटचा गिलावा करून दोन वर्षे काढता येतात, पुढच्या पिकावर टाइल लावता येते. पण कोबा, उतार, पाइप, कुंडी, शोषखड्डा आणि अर्थिंग यांत काटकसर करू नका. ही सगळी कामे झाकून जातात, पाहुण्यांना दिसत नाहीत, म्हणून तिथे हात आखडतो. शेतात आपण पाटबांध आधी नीट करतो, मग रोप लावतो. घरात तोच क्रम ठेवा.

शोषखड्डा आणि संडास यांसाठी शासनाची कोणती मदत त्या वेळी चालू आहे, हे काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. काम झाल्यावर केलेला अर्ज बहुधा कामी येत नाही.

तेव्हा मंडळी, गवंडी दारात आला की चहा पाजा, आणि पहिला प्रश्न तुम्ही विचारा, "बाबा, पाणी कुठं नेणार?" त्याने जागा दाखवली, खळग्यात पाणी मुरवून पाहायला तो तयार झाला, तर काम त्याला द्या. घरातल्या बाईला तोंडावर पदर न घेता, धास्ती न बाळगता, दार लावून दहा मिनिटे सुखाने अंघोळ करता आली आणि घराची भिंत पावसाळ्यानंतरही कोरडी राहिली, म्हणजे तुमचा खर्च कारणी लागला असे समजा.

पुढच्या अंकी न्हाणीच्या पाण्यावरची परसबाग : किती झाडे, कोणती आणि कशी लावावी.